लॅपटॉप मध्येच धाडकन बंद पडतो, कुठून सुरुवात करू?

वाशिष्ठीकाठ (सोमवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा, घरांचे नकाशे आणि एस्टिमेटची कामं करतो. २०२१ च्या जुलैतल्या पुरात खालच्या खोलीतला डेस्कटॉप चिखलासकट गेला, त्यानंतर हा लॅपटॉप घेतला. आठ जीबी रॅम, छोटं ग्राफिक्स कार्ड, विंडोज १०. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

गणपतीत मखर मांडायला ऑफिसच्या खोलीतलं टेबल हलवलं, घर पाहुण्यांनी भरलं होतं. गौरी-गणपती गेल्यावर सगळं जागच्या जागी लावलं आणि दोन दिवसांनी हे सुरू झालं. काम करता करता लॅपटॉप बंद. निळा पडदा नाही, "शट डाउन होत आहे" नाही, काही नाही. कोणी गळा दाबावा तसा. बटण दाबलं की परत मुकाट सुरू होतो. कधी दिवसातून तीनदा, कधी दिवसभर काही नाही.

गावातल्या एका दुकानात दाखवला. त्यांनी अर्धा तास चालू ठेवला, तिथे शहाण्यासारखा चालला. तरी "मदरबोर्ड गेलाय, चौदा हजार" म्हणाले. चौदा हजार घालण्याआधी इथे विचारतोय.

एक अननस (सोमवार, रात्री ११:०५)

गरम होतोय. शंभर टक्के. थर्मल पेस्ट बदला.

पुणेरी_पाटी (सोमवार, रात्री ११:११)

अननसराव, तुम्हाला लोकांच्या पायाला चटका बसला तरी थर्मल पेस्टच सुचते.

सोल्डरवाला (मंगळवार, सकाळी ७:३०)

काका, सोलापुरात वीस वर्षं हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"बंद पडतो" या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात. एक, विंडोज स्वतः बंद करतंय (अपडेट, बॅटरी संपत आली). दोन, विंडोज कोसळतंय, म्हणजे निळा पडदा. पण आपोआप रीस्टार्टची खूण चालू असेल तर तो दिसायच्या आत जातो. तीन, प्रोसेसर तापून स्वतःला वाचवतोय. चार, वीजच तुटतेय: चार्जर, पिन, जॅक, बॅटरी, बोर्ड. तुम्ही सांगताय ते तीन किंवा चार वाटतं, पण वाटण्यावर जाऊ नका.

इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. बंद पडल्याच्या वेळेच्या आसपास लाल खुणेची नोंद असेल, कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. तिच्या डिटेल्समध्ये बगचेककोड समोर काय आकडा आहे तो सांगा.

वाशिष्ठीकाठ (मंगळवार, दुपारी १:१५)

सापडलं. ४१ च्या ओळीने नोंदी आहेत, गेल्या तीन आठवड्यांत १९. बगचेककोड सगळीकडे ०. शेजारी ६००८ पण आहे. गुगल केलं तर ४१ म्हणजे पॉवर सप्लाय खराब असं लिहिलंय. म्हणजे दुकानदार बरोबर?

सोल्डरवाला (मंगळवार, दुपारी २:००)

नाही. ४१ ही नोंद लॅपटॉप मरताना होत नाही, पुढच्या वेळी जागा झाल्यावर होते. विंडोज उठून बघतं की मागच्या वेळी आपण रीतसर झोपलो नव्हतो, आणि तेवढंच लिहितं. पंचनाम्यात "मृतदेह आढळला" लिहितात तसं. कशाने मेला ते त्यात नसतं. ६००८ पण तेच सांगतो.

कामाचा आहे तो ०. निळा पडदा येऊन गेला असता तर तिथे बहुतेक दुसरा काहीतरी आकडा दिसला असता. तेव्हा विंडोज, ड्रायव्हर, व्हायरस ही मंडळी तूर्त बाजूला.

न्यूजर्सीकर (मंगळवार, संध्याकाळी ६:४०)

लिनक्स टाका. (मला माहीत आहे तुम्ही सगळे काय म्हणणार आहात.)

गंमत सोडा, पण पेन ड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घालून, काही इन्स्टॉल न करता, तिथूनच चालवून बघता येतं. त्यातही धाडकन बंद पडला तर विंडोज निर्दोष, दोष यंत्रात. फुकटची तपासणी आहे.

वाशिष्ठीकाठ (बुधवार, रात्री ९:५०)

आज साइटवर स्लॅब होता, दिवसभर लॅपटॉप उघडलाच नाही. रात्री बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या) पडद्यावर दोन तास नुसता ठेवला, बंद पडला नाही. म्हणजे विंडोजमध्येच घोळ?

सोल्डरवाला (बुधवार, रात्री १०:२०)

बायोसच्या पडद्यावर लॅपटॉप काम काय करतो? बसून असतो. बसलेल्या माणसाला धाप लागत नाही म्हणून त्याचं हृदय ठणठणीत ठरत नाही. तिथे बंद पडला असता तर विंडोज नक्की सुटलं असतं. पडला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

एक अननस (बुधवार, रात्री १०:३१)

तापमान मोजा हो एकदा तरी.

वाशिष्ठीकाठ (गुरुवार, रात्री ८:३०)

अननसरावांसाठी मोजलं. एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारा प्रोग्रॅम) उतरवून घेतलं. थ्रीडी व्ह्यू रेंडरला (चित्र तयार करायला) लावला की ९८ अंश! मग खालचं झाकण उघडलं. पंख्याच्या तोंडाशी धुळीची गादी होती, अक्षरशः नमदा. पाती बोटाने धरून (फिरू द्यायची नाहीत असं वाचलं होतं) रंगाच्या मऊ ब्रशने साफ केलं. एक मेलेलं झुरळही निघालं. आता तेच रेंडर लावलं तर ८० च्या वर जात नाही.

अननसराव, तुमच्या तोंडात साखर.

एक अननस (गुरुवार, रात्री ८:३४)

_/\_

वाशिष्ठीकाठ (शुक्रवार, दुपारी १२:०८)

साखर परत द्या. आत्ताच बंद पडला.

पुणेरी_पाटी (शुक्रवार, दुपारी १२:१०)

झुरळाचा शाप. (हलकं घ्या.)

सोल्डरवाला (शुक्रवार, दुपारी १:४५)

साफ केलंत ते चांगलंच झालं, पंखा दुवा देईल. पण ९८ ला बंद पडत नसतो. बहुतेक इंटेल लॅपटॉप प्रोसेसरची हद्द १०० च्या आसपास असते आणि तिथे पोचल्यावर तो आधी आपला वेग पाडतो. लॅपटॉप मंद होतो, पंखा बोंबलतो. इतकं करूनही ताप वाढतच राहिला तर शेवटचा उपाय म्हणून बंद होतो. तुम्ही मंद झाल्याचं एकदाही लिहिलं नाहीत, तेव्हाच मला शंका होती.

आता दोन कामं करा.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये सेन्सरच्या खिडकीत लॉगिंगचं बटण आहे. ते दाबून फाइलचं नाव द्या आणि काम करत राहा. दर दोन सेकंदांनी एक ओळ लिहिली जाते. बंद पडला की फाइल उघडून शेवटच्या ओळी बघायच्या. विमानाच्या ब्लॅक बॉक्ससारखं.

दुसरं, साधी वही घ्या. वार, वेळ, कुठे बसला होतात, काय चालू होतं, चार्जर होता का, बॅटरी किती टक्के. सात दिवस. कंटाळा करू नका. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा प्रश्न या वहीतच सुटतो, म्हणून मी ती कोणाला सांगत नाही :)

तिसरी घंटा (शुक्रवार, दुपारी ३:३०)

मध्येच घुसते, माफ करा. माझा पण असाच होतो! शाळेत तास घेताना स्क्रीन एकदम काळी. पण मी फोन उचलला की परत येते. वाटलं कोणी फोनवरून हॅक करतंय, म्हणून फोन फॉरमॅट केला.

सोल्डरवाला (शुक्रवार, दुपारी ३:५२)

ताई, फोनला पुस्तकासारखं मिटणारं कव्हर आहे का? आणि फोन लॅपटॉपच्या कीबोर्डशेजारी ठेवता?

तिसरी घंटा (शुक्रवार, दुपारी ३:५५)

हो!! तुम्हाला कसं कळलं?

सोल्डरवाला (शुक्रवार, दुपारी ४:१०)

त्या कव्हरच्या झडपेत लोहचुंबक असतं. लॅपटॉपच्या झाकणातही एक असतं, आणि खालच्या भागात ते ओळखणारा सेन्सर. झाकण मिटलं की सेन्सरला चुंबक जाणवतं आणि लॅपटॉप झोपतो. तुमच्या कव्हरने त्याला फसवलं. ही झोप आहे, मरण नव्हे, म्हणून फोन उचलला की जागा होतो. फोन पर्समध्ये ठेवा. चुंबकाच्या पट्ट्याचं घड्याळही हाच खेळ करतं.

काकांचा प्रकार वेगळा आहे. तिथे बटण दाबावं लागतं आणि ४१ ची नोंद आहे.

तिसरी घंटा (शुक्रवार, संध्याकाळी ५:३०)

फोन स्टाफरूममध्ये ठेवून शेवटचा तास घेतला. काही झालं नाही. फॉरमॅटमध्ये दोन वर्षांचे सहलींचे फोटो गेले ते वेगळंच. धन्यवाद.

वाशिष्ठीकाठ (पुढचा शुक्रवार, रात्री ९:१५)

वही तशीच्या तशी उतरवतो.

शनि: स. ११:२०, ऑफिसची खोली, ऑटोकॅड आणि क्रोम, चार्जर लावलेला, बॅटरी ६१%. बंद.
रवि: हॉलमध्ये, स. १० ते सं. ६, मोठं रेंडर. काही नाही.
सोम: दु. ३:०५, ऑफिस, थ्रीडी व्ह्यू, चार्जर, ४४%. बंद. परत ५:४०, व्हिडिओ कॉल, चार्जर, ३८%. बंद. गिऱ्हाईक मुंबईचं होतं, त्याला वाटलं मी रागाने कट केला.
मंगळ: दिवसभर नुसतं एस्टिमेट टायपिंग, ऑफिस, चार्जर. काही नाही.
बुध: दु. १२:३०, चार्जर नाही, ४०% वर असताना. बंद.
गुरु: स. ११:५०, ऑफिस, रेंडर, चार्जर लावलेला, २९%. बंद.
शुक्र: साइटवर.

पुणेरी_पाटी (शुक्रवार, रात्री ९:२२)

रविवारी साप्ताहिक सुट्टी घेतो. सरकारी दिसतोय.

न्यूजर्सीकर (शुक्रवार, रात्री ९:४०)

पाटीसाहेब विनोद करतायत, पण रविवार खरंच लक्षात घेण्यासारखा आहे. सगळ्यात जड काम त्या दिवशी आणि नेमकं तेव्हाच काही नाही. लोटे-खेर्डीला कारखाने आहेत ना? रविवारी त्यांचा लोड कमी होऊन घरचं व्होल्टेज सुधारत असेल. स्टॅबिलायझर लावून बघा.

सोल्डरवाला (शुक्रवार, रात्री १०:०५)

कल्पना छान, पण लॅपटॉपच्या चार्जरवर इनपुट वाचा: १०० ते २४० व्होल्ट. आपल्या २३० चे १७० झाले तरी त्याला पत्ता लागत नाही. आणि लाइट पूर्ण गेली तरी बॅटरी असते की. लॅपटॉपला स्टॅबिलायझर म्हणजे बदकाला छत्री.

मला त्या वहीत दुसरंच काहीतरी टोचतंय. काका, चार्जर दिवसभर लावलेला आणि बॅटरी ४४, मग ३८, मग २९. चार्जर लावून टक्के उतरतात कसे? ब्लॅक बॉक्स आहे का?

वाशिष्ठीकाठ (शनिवार, सकाळी ८:२०)

अरे हो की. मला वाटायचं चार्जिंग हळू होतंय.

गुरुवारची फाइल उघडली. शेवटच्या ओळींत प्रोसेसर ७४ अंश. बॅटरीच्या रकान्यात चार्ज रेट उणे १७ वॉट. उणे का? व्होल्टेज आधी ११.१ आहे, मग १०.४, शेवटच्या ओळीत ९.२, आणि फाइल संपली.

सोल्डरवाला (शनिवार, सकाळी ८:४१)

सापडला चोर. निदान एक तरी.

उणे १७ म्हणजे चार्जर लावलेला असतानाही लॅपटॉप बॅटरीतून १७ वॉट उपसतोय. चार्जर पुरत नाही, उरलेलं बॅटरी भरून काढते. तीन सेलची बॅटरी, ११ व्होल्टच्या आसपास असायला हवी, ती ९.२ ला आली म्हणजे दर सेल ३ व्होल्टला टेकला. बॅटरीच्या आत एक रखवालदार सर्किट असतं, ते अशा वेळी दोर कापतं. विंडोजला श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही.

आता बॅटरीची प्रकृती बघा. कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ, त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट. सगळं इंग्रजीत. एक वेबपान तयार होतं, कुठे ठेवलं तेही तिथेच लिहून येतं. त्यातले डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी हे आकडे सांगा.

आणि चार्जरवर आउटपुट काय छापलंय ते वाचा. भिंग घ्या.

वाशिष्ठीकाठ (शनिवार, सकाळी ९:३०)

डिझाइन ४२,०००. फुल चार्ज १५,९००. मिलीवॉट-अवर असं काहीतरी लिहिलंय.

चार्जर: १९.५ व्होल्ट, २.३१ अँपिअर.

न्यूजर्सीकर (शनिवार, सकाळी ९:३८)

१९.५ गुणिले २.३१ म्हणजे ४५ वॉट. आणि बॅटरी ३८ टक्केच उरली आहे. ग्राफिक्स कार्डवाल्या लॅपटॉपला ४५ चा चार्जर?

माझे कारखाने मागे घेतो.

सोल्डरवाला (शनिवार, सकाळी ९:४४)

लॅपटॉप उलटा करा, खाली स्टिकरवर त्याची मागणी लिहिलेली असते.

आणि एक सांगा, सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत काही मेसेज येतो का?

वाशिष्ठीकाठ (शनिवार, सकाळी १०:०२)

स्टिकरवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर.

मेसेज येतो. गणपतीपासून रोज येतो. मी एंटर मारतो, जातो.

पुणेरी_पाटी (शनिवार, सकाळी १०:०३)

काका.

सोल्डरवाला (शनिवार, सकाळी १०:१५)

काका, तो मेसेज रोज हेच सांगत होता की चार्जर कमी ताकदीचा लावलाय. या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते, तिच्यातून चार्जर आपली ओळख सांगतो, मी ४५ चा, मी ६५ चा. तुमच्या लॅपटॉपला ६५ चा हवा. पिन सारखीच, व्होल्टेज सारखं, म्हणून बसतो आणि चालतोही. टायपिंग केलंत, मंगळवार निर्धोक गेला. रेंडर लावलं की मागणी साठच्या वर, चार्जर देतो ४५, फरक बॅटरीकडून. बॅटरी धडधाकट असती तर ओझं वाहून नेलं असतं, तुम्हाला कळलंही नसतं. ती आधीच अर्धमेली. चार्जर लावून काम करताना यातला एकच दोष असता तर खपून गेला असता.

बुधवारी चार्जरशिवाय ४० टक्क्यांवर गेला तो मात्र निव्वळ बॅटरीचा प्रताप. टक्के हा अंदाज असतो, जुन्या बॅटरीचा अंदाज थापा मारतो.

आता मूळ चार्जर कुठे गेला ते शोधा. घरात अजून याच कंपनीचा लॅपटॉप आहे?

वाशिष्ठीकाठ (शनिवार, सकाळी १०:४०)

लेकीचा आहे, कॉलेजला नेते. छोटा, पातळ.

आत्ता तिची बॅग उघडली. ३.३४ चा चार्जर तिच्याकडे! मखर आवरताना वायरींचा गुंता झाला होता, तेव्हा अदलाबदल झाली असणार.

आणि रविवारचं कोडंही सुटलं. रविवारी मी हॉलमध्ये बसतो. तिथे लेकीचा चार्जर बोर्डाला लावलेला असतो, आपला आणायला कोण आत जातो, तोच खुपसतो. म्हणजे आठवड्यातून एक दिवस लॅपटॉपला स्वतःचा चार्जर मिळत होता.

पुणेरी_पाटी (शनिवार, सकाळी १०:४४)

साप्ताहिक सुट्टी हा शोध माझा होता, नोंद घ्यावी.

एक अननस (शनिवार, सकाळी ११:००)

पण लेकीच्या लॅपटॉपला जास्त वॉटचा चार्जर महिनाभर लावला, तो जळला नाही का?

सोल्डरवाला (शनिवार, सकाळी ११:१२)

व्होल्टेज तेच असेल तर नाही. वॉट म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, ढकलतो किती ते नव्हे. टाकी मोठी असली तरी तांब्या तेवढंच पाणी घेतो. उलटं केलं की पंचाईत. आणि व्होल्टेज वेगळं असेल तर हा हिशोब विसरा, पिन बसली तरी लावू नका. स्वस्तातल्या दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर छापलेले अँपिअरही मी धरून चालत नाही.

काका, बॅटरी बदलाच. टचपॅड वर आलाय का, त्याचं क्लिक घट्ट झालंय का, लॅपटॉप टेबलावर डुलतो का, तेवढं आजच बघा. तसं असेल तर बॅटरी फुगली आहे, मग लॅपटॉप वापरणं थांबवा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. बदलणाऱ्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

वाशिष्ठीकाठ (अकरा दिवसांनी, बुधवार, रात्री ९:००)

उशिरा लिहितोय, क्षमस्व. टचपॅड सपाट आहे, डुलत नाही. ६५ चा चार्जर लावल्यापासून काळा मेसेज नाही. पहिले चार दिवस बॅटरी जुनीच होती, तरी त्यात सलग तीन तास रेंडर केलं. उणे आकडा एकदाही आला नाही. मग बॅटरीही बदलली, साडेतीन हजार. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची शेवटची नोंद चार्जर बदलायच्या आदल्या गुरुवारची.

दुकानदाराकडे अर्धा तास शहाण्यासारखा का चालला, तेही आता कळलं. नुसता डेस्कटॉप उघडून ठेवला होता त्यांनी.

दोन्ही चार्जरना लेकीच्या नेलपॉलिशने खुणा केल्यात, माझा लाल. तिला म्हटलं, अगं महिनाभर माझा चार्जर वापरलास, तुला फरक जाणवला नाही? तर म्हणते, "पहिल्याच दिवशी कळलं होतं बाबा. पण याची वायर लांब आहे, कँटीनच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचते."